चावी हरवली, क्लेम नाकारला, पण कोयंडा कुठे आहे?

धायरीच्या एका ताईंचा मेल आलाय. असे मेल महिन्याला दोन-तीन तरी येतात, फक्त चावी कुठे पडली तेवढं बदलतं. यांच्याकडे सासूबाईंची पर्स मंडईत गेली, २ फेब्रुवारीला. पर्समध्ये घराची चावी आणि वर लाईट बिल, म्हणजे ज्याला पर्स सापडली त्याला चावीही मिळाली आणि पत्ताही. सासूबाई ओरडा बसेल म्हणून चार दिवस काही बोलल्याच नाहीत. मग "रविवारी बोलावू किल्लीवाल्याला" करत लॅच तसाच राहिला आणि १३ तारखेला सगळे लग्नाला गेलेले असताना दागिने आणि कॅश गेली. एफआयआर त्याच रात्री केला. विमा कंपनीला कळवलं ४ मार्चला. जूनमध्ये कंपनीचं पत्र, की मुख्य दरवाजा वा लॅच तोडल्याची खूण नाही, जबरदस्तीने प्रवेश झालेला नाही, सबब क्लेम नामंजूर. ताई विचारतात, चावी हरवणं ही आमची इतकी मोठी चूक आहे का, सोसायटीवर केस होते का, आणि कामाच्या मावशींचं नाव पोलिसांना द्यावं का.

चूक आहे हो, पण हरवण्याची नाही. अकरा दिवसांची. लॅचचा सिलिंडर, म्हणजे चावी फिरते तो भाग, बदलायला अर्धा तास लागतो आणि हजार-दोन हजार रुपये, आणि तुमच्या मेलमध्ये लग्नाच्या साड्यांची खरेदी कधी झाली ते तारखेसकट लिहिलंय. असो. झालं ते झालं.

सगळं अडतंय ते एका अटीवर. घरफोडीच्या बहुतेक पॉलिसींमध्ये नुसती चोरी कव्हर नसते, "बळाचा वापर करून आत शिरून किंवा बाहेर पडून" झालेली चोरी कव्हर असते. याच वाक्यावर सुप्रीम कोर्टाचा २००४ चा निकाल आहे, युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल. त्यात कोर्टाने सांगितलं की चोरीच्या आधी बळ वापरून प्रवेश झालेला पाहिजे, पॉलिसीत जे शब्द आहेत तेच दोघांना बांधील, फौजदारी कायद्यातली घरफोडीची व्याख्या इथे आणायची नाही. कंपन्यांनी ही अट सुधारावी असंही त्याच निकालात सुचवलंय. तुमच्या पॉलिसीत ती अजून जशीच्या तशी आहे, बघा.

आणि यातली गंमत बघा. फौजदारी कायद्यात तुमची केस शब्दशः छापलेली आहे. १८६० च्या दंड संहितेत कलम ४४५ खाली उदाहरण होतं, 'य' च्या घराची हरवलेली चावी 'क' ला सापडते, त्या चावीने दार उघडून तो आत शिरतो, ही घरफोडी आहे. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३३० खाली तेच उदाहरण आहे. म्हणजे ज्याने सापडलेल्या चावीने तुमचं दार उघडलं तो कायद्याने घरफोड्या, पण विमा कंपनीच्या लेखी काहीच फुटलेलं नाही. लोक हेच उदाहरण घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात साहेब जिंकलो. नाही जिंकलो, २००४ चा निकाल आडवा येतो. फक्त पॉलिसीत नुसता "घरफोडी" शब्द असेल आणि पुढे व्याख्याच दिलेली नसेल, तर संदिग्ध शब्दाचा अर्थ ज्याने मसुदा लिहिला त्याच्याविरुद्ध लावा असं म्हणून भांडता येतं. तुमच्या पत्रात कंपनीने अट उद्धृत केलीय म्हणजे व्याख्या असणार, त्या रस्त्यावर मी फार वेळ घालवणार नाही.

मी अडकलोय तुमच्या मेलच्या शेवटून दुसऱ्या ओळीवर. तुम्ही सहज लिहून गेलात, "बाहेरच्या जाळीच्या दाराला वेगळं कुलूप होतं, त्याची चावी यांच्याकडेच असते, तो कोयंडा वाकला होता म्हणून नंतर नवीन बसवून घेतला." अहो ताई! सहा पानं लिहिलीत, त्यात सोसायटीचा सेक्रेटरी दीड पान, आणि ज्यावर क्लेम उभा राहू शकतो ती गोष्ट एका ओळीत? जाळीच्या कुलपाची चावी पर्समध्ये नव्हतीच. म्हणजे आत शिरणाऱ्याने आधी जाळीचा कोयंडा उचकटला, मग सापडलेल्या चावीने लॅच उघडला. पहिला अडथळा बळानेच गेला, आणि जाळी हा घराच्या प्रवेशाचाच भाग आहे. नुकसान बघायला आलेल्या कंपनीच्या सर्व्हेअरने फक्त आतल्या दाराचा फोटो काढला आणि "खूण नाही" लिहून मोकळा झाला.

आता हे सिद्ध कशाने होणार? घटनास्थळाच्या पंचनाम्याने. एफआयआरची कॉपी तुम्हाला फुकट मिळते आणि ती तुमच्याकडे आहे, पंचनाम्याची नाही. उद्या पोलीस स्टेशनला अर्ज द्या, शिक्का मारून पोच घ्या. पंचनाम्यात "जाळीच्या दाराचा कोयंडा वाकलेल्या स्थितीत" असं एवढंसं जरी असलं तरी कंपनीला उत्तर देणं अवघड जाईल. आणि नसेल तर पुरवणी जबाब द्यावा लागेल, जो इतक्या महिन्यांनी दिलेला असल्याने समोरचा वकील म्हणणार की हे नंतर सुचलं, म्हणून मी आधी पंचनामा बघा म्हणतोय. एफआयआरमध्ये सध्या एकटं कलम ३०५ आहे, राहत्या घरातली चोरी. पुरवणी जबाबाच्या वेळीच घरफोडीच्या शिक्षेचं कलम ३३१ लावा म्हणून लेखी मागा. तपासी अधिकारी "काय फरक पडतो मॅडम" म्हणतील. फरक पडतो, कारण कंपनीचा वकील तुमचा एफआयआर दाखवूनच सांगणार आहे की पोलिसांनाही ही साधी चोरी वाटली. जबाबात जे नव्हतं ते घालू नका मात्र. वाकलेला कोयंडा तुटलेला झाला की सगळंच जातं.

कंपनीला १९ दिवस उशिरा कळवलंत त्यावरून पत्रात एक ओळ आहे, तिची काळजी मला कमी वाटते. २०११ च्या सप्टेंबरमध्येच विमा नियामकाने परिपत्रक काढून सांगितलं होतं की खरा क्लेम केवळ उशिरा कळवला म्हणून नाकारू नका, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी गुरशिंदर सिंगच्या केसमध्ये म्हटलं की पोलिसांकडे लगेच गेला असाल तर कंपनीला कळवायला झालेला उशीर क्लेम मारत नाही. ते गाडीच्या चोरीचं प्रकरण होतं हे खरं, पण तुमचा एफआयआर त्याच रात्रीचा आहे, हे तुमच्या बाजूने.

"वाजवी काळजी घेतली नाही" हा मुद्दा मात्र येणार, अकरा दिवस त्यांच्या हातात आयते आहेत. इथे ठाम सांगत नाही. २०२३ च्या अशोक कुमार प्रकरणात ड्रायव्हर चावी ट्रकमध्येच ठेवून रस्ता विचारायला उतरला आणि ट्रक गेला, तरी सुप्रीम कोर्टाने ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. घराच्या पॉलिसीला तोच हिशोब लागेल असं गृहीत धरू नका, पण अर्जात पर्यायी मागणी म्हणून जरूर लिहा. दागिन्यांची मर्यादा पॉलिसीत वेगळी असते, पावत्या नसतील तर फोटो काढून ठेवलेत का ते बघा, त्या लग्नाच्या आधीचे पुष्कळ असतील.

मावशींचं नाव देऊ नका. तुमच्याकडे संशयाशिवाय काहीही नाही. शिवाय बऱ्याच पॉलिसींमध्ये घरातल्या माणसाचा किंवा नोकराचा हात असेल तर कव्हर मिळत नाही, म्हणजे एका बाईची चौकशी लावून तुम्ही स्वतःचाच क्लेम बुडवाल. सोसायटीवर केस होऊ शकते का, तर कागदावर होईल, वॉचमनचा निष्काळजीपणा सिद्ध करणं वेगळंच दुखणं, आणि तिथे लागणारी वर्षं मी मोजत नाही.

वाट कुठली धरायची? आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या, एक महिना थांबा, मग विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी, पुण्यात ऑफिस आहे. नकाराच्या पत्रापासून एक वर्षाच्या आत जायचं, फी नाही, आणि तिथे वकील चालत नाही, म्हणजे माझी फी बुडाली. निकाल कंपनीवर बंधनकारक. ग्राहक आयोगात दोन वर्षांची मुदत आहे, पण तिथे तारखा कशा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. आयोगात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून आधी लोकपाल.

आणि जुना कोयंडा. नवीन बसवून घेतलात, जुन्याचं काय केलंत ते लिहिलेलं नाही. भंगारात गेला असेल तर ज्या फॅब्रिकेटरने काम केलं त्याचं बिल शोधा, बिल नसेल तर पैसे मोबाईलवरून दिलेत का ती एंट्री तारखेसकट काढा, आणि आजच्या आज त्याला फोन करून विचारा की जुना तुकडा दुकानाच्या कोपऱ्यात कुठे पडलाय का.