युरोपात नोंदवलेला ट्रेडमार्क ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमध्ये चालतो का?

तुम्ही लिहिलंय की मसाल्याच्या ब्रँडचा अर्ज २०१६ साली युरोपियन युनियनमध्ये केला, नोंदणी मिळाली, माल फक्त जर्मनी आणि नेदरलँड्सला जातो, आणि आता लंडनचा एक वितरक माल मागतोय. ब्रिटनमध्येही आपोआप नोंदणी झाली असं ऐकलंय, तर निर्धास्त राहावं का?

नोंदणी झाली हे खरं, पण निर्धास्त राहू नका. मी पुण्यात ट्रेडमार्कचंच काम करते आणि ही गफलत मला सारखी दिसते.

१ जानेवारी २०२१ला ब्रिटनने नोंदणी झालेल्या युरोपियन ट्रेडमार्कच्या जुळ्या नोंदी स्वतःहून आपल्या रजिस्टरवर घेतल्या. ना अर्ज, ना फी. प्रमाणपत्रही पाठवलं नाही, त्यामुळे कित्येक मालकांना त्याचा पत्ताच नसतो. क्रमांक यूके००९ने सुरू होतो, पुढे युरोपियन क्रमांकाचे शेवटचे आठ आकडे. ब्रिटिश ट्रेडमार्क ऑफिसच्या साइटवर फुकट शोधता येतो. आजच बघा, कारण तुमची १० वर्षं २०२६मध्ये भरतात, आणि युरोपियन ऑफिसला भरलेली नूतनीकरणाची फी ब्रिटनच्या नोंदीला चालत नाही. दोन्हीकडे वेगळी भरावी लागते.

खरी मेख वापराची आहे. सलग ५ वर्षं ब्रिटनमध्ये वापर नसेल, तर कोणीही नोंद रद्द करायचा अर्ज करू शकतो, आणि वापर सिद्ध करायचा मालकाने. जुळ्या नोंदींना सवलत एवढीच की २०२० अखेरपर्यंतचा युरोपातला वापर ब्रिटनमधला म्हणून धरला जाई. ३१ डिसेंबर २०२५ला ती शिदोरी संपली. त्यानंतर तुमच्यामागे अर्ज लागला, तर जर्मनीतली विक्री कामाची नाही.

पण आज नोंद गेलेली नाही. अर्ज येण्याआधी खरी विक्री सुरू झाली तर ती वाचते. फक्त, अर्ज येणार अशी कुणकुण लागल्यावर शेवटच्या ३ महिन्यांत घाईने सुरू केलेला वापर मोजत नाहीत. म्हणून वितरकाला लवकर होकार द्या.

आणि बिलं नीट करा! एका प्रकरणात माल खरोखर ब्रिटनमधल्या लेस्टरला पोचत होता, पण बिलांवर नुसतं 'मसाले, ४० खोकी'. ब्रँडचं नाव कुठेच नाही. पाकिटाचे फोटो होते, त्यांवर तारीख नव्हती. इतक्या वर्षांचा धंदा असून पुरावा उभा करताना आमच्या नाकी नऊ आले. तेव्हा प्रत्येक बिलावर ब्रँडचं नाव हवंच, आणि ते नोंदवलंय तसंच.

जोडीला ब्रिटनमध्ये नवा अर्जही करा, पण त्यातली वस्तूंची यादी लांबवू नका. स्काय विरुद्ध स्कायकिक खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये सांगितलं की वापरायचा इरादाच नसलेल्या वस्तू नोंदवणं अप्रामाणिक हेतूचं ठरू शकतं. टीव्हीवाल्या स्कायच्या यादीत चक्क चाबूकही होता. तुम्ही मसाले, चटण्या, लोणची, जे विकणार तेवढंच लिहा.

वितरकाच्या करारात एक ओळ घालून घ्या: ब्रँडचं नाव तुमचं, तो फक्त तुमच्या परवानगीने वापरणार, आणि स्वतःच्या नावावर अर्ज करणार नाही. पहिली खेप निघण्याआधी त्यावर सही हवी.