कृष्णद्रव्याच्या कणाचे वस्तुमान कसे कळणार?

प्रश्न : डार्क मॅटरचा, म्हणजेच प्रकाश न देणाऱ्या, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या कृष्णद्रव्याचा कण एखाद्या प्रयोगात सापडलाच, तर त्याचे गुणधर्म कसे ठरवणार?

उत्तर : एका नोंदीवरून ते ठरत नाहीत, नोंदी अनेक लागतात. अमेरिकेत साउथ डकोटामधील होमस्टेक या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोलवर, ‘लक्स-झेपलिन’ प्रयोगात ७ टन द्रवरूप झेनॉनवर पाळत ठेवली जाते. असा कण झेनॉनच्या अणुकेंद्रकावर आदळला, तर आधी क्षीण चमक उठते आणि सुटे झालेले इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्राने वर ओढले जाऊन द्रवावरच्या वायूच्या थरात पोचले की दुसरी. या दोहोंच्या प्रमाणावरून धडक केंद्रकाला बसली की इलेक्ट्रॉनला, हे बहुतांशी ओळखता येते, आणि मला या यंत्रणेतली हीच बाब सर्वांत देखणी वाटते. हलका कण जड केंद्रकाला फारशी ऊर्जा देऊ शकत नाही, म्हणून किती धक्के किती ऊर्जेचे आहेत यावरून वस्तुमानाचा अंदाज बांधता येतो. मात्र कण झेनॉनच्या केंद्रकापेक्षा खूपच जड असेल, तर धक्क्यांचे हे चित्र जवळजवळ बदलत नाही, आणि त्याचे वस्तुमान व धडकेची संभाव्यता एकमेकांत गुंतून राहतात. आर्गॉन किंवा जर्मेनियम वापरणारे प्रयोगही उपयोगी ठरतात, कारण हलक्या केंद्रकांवर तोच कण वेगळी छाप उमटवील.