लादी बदलण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची सदनिका 1984 साली बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर असून घरभर मोझॅइकच्या लाद्या आहेत. त्या पिवळट पडल्या असून काहींना चिरा गेल्या आहेत. त्या उखडून व्हिट्रिफाइड लाद्या बसवाव्यात, की जुन्यांवरच नव्या चिकटवाव्यात? एक ठेकेदार उखडायला सांगतो, दुसरा म्हणतो की गरजच नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : याचा निकाल आपल्या सध्याच्या लाद्याच देतील. एखादे जाड नाणे किंवा लाकडी दांडा घेऊन प्रत्येक लादी ठोकून पाहावी आणि जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करावी. खुणा तुरळक असतील, तर तेवढ्याच लाद्या काढून ती जागा सिमेंट-रेतीने भरून घेता येते आणि उरलेल्या जमिनीवर नव्या लाद्या चिकटवता येतात. खोलीभर खुणा झाल्या, तर मात्र उखडणे आलेच. कारण नवी लादी जुनीला कितीही घट्ट धरून बसली, तरी जुनीनेच खालचा आधार सोडलेला असतो. आपण चिरांचा उल्लेख केला आहे, त्याही नीट पाहाव्यात. एखाददुसरी लादी जड वस्तू पडून फुटली असेल, तर चिंता नाही. पण चीर एका लादीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशी सलग जात असेल, तर तिचे मूळ स्लॅबमध्ये असण्याची शक्यता आहे. 30 वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावे लागते. आपल्या सोसायटीकडे तो अहवाल असेल, तर लादी निवडण्याआधी तो अवश्य वाचावा, आणि नसेल तर अभियंत्याला चीर दाखवावी.

आता वजनाचा विचार करू. सुमारे 9 मिलिमीटर जाडीची व्हिट्रिफाइड लादी आणि तिच्याखालचा चिकटद्रव्याचा पातळ थर मिळून दर चौरस मीटरला साधारण 30 किलो भरतात. म्हणजे 400 चौरस फुटांच्या घरात जुन्यावर नवी लादी लावल्यास स्लॅबवर सुमारे 1,100 किलोंचा कायमचा भार वाढतो. हा भार पसरलेला असल्यामुळे सुस्थितीतील स्लॅब तो सहसा पेलतो, परंतु पूर्वी कोणी असाच एक थर आधीच चढवलेला असेल, तर आणखी एक चढवू नये. पूर्ण उखडून नव्याने काम केल्यास वजन जवळपास पूर्वीइतकेच राहते. त्याच्या बदल्यात सोसायटीची परवानगी, शेजाऱ्यांना त्रास, राडारोड्याच्या गोण्या उतरवण्याचा खर्च, आणि जमिनीखालून गेलेल्या वायरींच्या नळ्या फुटण्याचा धोका पत्करावा लागतो.

जुन्यावर नवी लादी लावण्यातली खरी अडचण उंचीची असते, आणि ठेकेदार ती बहुधा काम निम्मे झाल्यावर सांगतात. जमीन साधारण दीड सेंटिमीटरने वर येते. त्यामुळे सर्व दारे खालून तासावी लागतात, गॅलरीच्या सरकत्या दाराची पट्टी जमिनीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली जाऊ शकते, आणि भिंतीतल्या कपाटांचे खालचे पल्ले अडतात. न्हाणीघराची जमीन बाहेरच्यापेक्षा खालीच राहिली पाहिजे. म्हणून दिवाणखाना तसाच ठेवून केवळ न्हाणीघरात जुन्यावर नवी लादी लावण्याचा विचार करू नये. जुन्या लाद्यांवरचे पॉलिश आणि तेलकटपणा घासून काढून, पृष्ठभागाला टाचे मारून, मगच चिकटद्रव्य पसरावे. पाकिटावर आयएस 15477 हा मानक क्रमांक आणि ते जुन्या लादीवर वापरण्यास योग्य असल्याचा उल्लेख आहे ना, हे पाहावे. येथे साधी सिमेंटची राबडी चालत नाही.

एक गोष्ट मात्र आपण विचारली नाही, तरी सांगतो. लाद्या पक्क्या असतील आणि तक्रार केवळ पिवळेपणाची असेल, तर फुटलेल्या तेवढ्या बदलून बाकीच्यांना यंत्राने घासून पॉलिश करून घ्यावे. मोझॅइकमधील संगमरवरी चिप्स लादीच्या वरच्या थरात खोलवर असतात, त्यामुळे पातळ पापुद्रा घासला गेला की आतला मूळ रंग वर येतो. खर्च बराच कमी होतो, उंचीचा प्रश्न उरत नाही, आणि तशी लादी आज बाजारात शोधूनही मिळणे कठीण आहे. आपल्या जागी मी असतो, तर प्रथम एका खोपच्यात पॉलिश करून पाहिले असते.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी बसवलेल्या व्हिट्रिफाइड लाद्या गेल्या जानेवारीत एका रात्री मोठा आवाज होऊन उचलल्या गेल्या आणि मधोमध तंबूसारख्या उभ्या राहिल्या. हे लादीच्या दर्जामुळे झाले का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषत नाही, हाच तिचा गुण, आणि त्याच कारणाने सिमेंटची राबडी तिच्या पाठीला नीट धरत नाही. त्यातच लाद्या एकमेकींना खेटून आणि चारही बाजूंनी भिंतीला घट्ट टेकवून बसवलेल्या असतील, तर हालचालीला जागाच उरत नाही. खालचे काँक्रीट वर्षानुवर्षे किंचित आकसत जाते, थंडीत आणखी आकसते; लाद्या मात्र त्या प्रमाणात आकसत नाहीत. अडकून पडलेला दाब शेवटी जिथे पकड सर्वांत कच्ची असते तिथे लादी वर फेकतो, म्हणून असे प्रकार बऱ्याचदा थंडीच्या दिवसांत ऐकू येतात.

नव्याने बसवताना दोन लाद्यांमध्ये निदान 2 मिलिमीटरचे स्पेसर (फट राखणारे छोटे तुकडे) ठेवण्याचा आग्रह धरावा. ‘सांधा दिसू नये’ ही आपणा ग्राहकांचीच हौस या दुखण्याच्या मुळाशी आहे. भिंतीलगत 5 ते 6 मिलिमीटर फट सोडावी. स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या लाद्यांच्या पट्टीखाली, ती झाकली जाते. तिच्यात सिमेंट भरू देऊ नये. चिकटद्रव्य दातेरी थापीने सर्वत्र पसरलेले असावे. लादीच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एकेक गोळा ठेवून ती दाबण्याची पद्धत दिसल्यास काम तिथेच थांबवावे. उरलेल्या खोल्याही ठोकून पाहाव्यात, कारण एका खोलीत जे झाले, त्याची तयारी दुसरीत चाललेली असू शकते.

प्रश्न : राजापूर तालुक्यातील आमच्या जांभ्याच्या जुन्या घरात लाकडासारखी दिसणारी लॅमिनेटची जमीन करण्याचा मुलाचा विचार आहे. पावसाळ्यात सध्याच्या कोब्याला ओल येते. हे योग्य ठरेल का?
— एक वाचिका, जिल्हा रत्नागिरी

उत्तर : ओल थांबल्याशिवाय मुळीच नाही. लॅमिनेटच्या फळीचा गाभा दाबलेल्या लाकडी भुश्याचा असतो. तो खालून ओल लागताच फुगतो, आणि फुगलेली फळी पुन्हा पूर्ववत होत नाही. व्हिनाइलची फळी स्वतः कुजत नाही, पण तिच्याखाली ओल कोंडून बुरशी आणि कुबट वास येतो. भर पावसाळ्यात कोब्यावर दीड फूट चौरस प्लास्टिकचा जाड कागद चारही कडांना चिकटपट्टी लावून एक दिवस ठेवावा. त्याच्या खालच्या बाजूस थेंब जमले किंवा कोबा काळवंडला, तर ओल जमिनीतूनच वर येत आहे असे समजावे.

तसे असल्यास कोबा काढून सोलिंग (दगडांचा थर), त्यावर प्लास्टिकचा जाड थर आणि मग काँक्रीट असा पाया नव्याने करणे हाच पक्का उपाय आहे. तो झाल्यावर लाकडी नक्षीची व्हिट्रिफाइड लादी मुलाची हौस पुरवील. मला विचाराल, तर जांभ्याच्या घराला घोटलेला तांबडा कोबा किंवा कोटा अधिक शोभतो. कोट्याचे एक पथ्य मात्र आहे : तो चुनखडीचा दगड असल्यामुळे लिंबू, चिंच आणि आमसुलाचे पाणी सांडून राहिले की त्याचे पॉलिश खाल्ले जाते. स्वयंपाकघरात म्हणूनच ओट्याजवळची जागा लगेच पुसावी आणि अ‍ॅसिड तर कधीच वापरू नये.

प्रश्न : आईचे वय 78 आहे. न्हाणीघरासाठी कोणती लादी घ्यावी?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : खोक्यावर किंवा माहितीपत्रकात आर 10 किंवा आर 11 असा घसरण-रोधाचा दर्जा लिहिलेली, चकाकी नसलेली, एक फुटाची लादी घ्यावी. मोठ्या लादीवर नाळीकडे ढाळ नीट देता येत नाही आणि पाणी साचते. फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, ढाळ पुरेसा असतो. फार खरखरीत लादीत साबणाचा मळ बसतो आणि मग तीही निसरडी होते, हे लक्षात असू द्यावे. भिंतीच्या लाद्या बसवण्यापूर्वीच आधाराच्या दांड्याची जागा ठरवून ती भक्कम करून घ्यावी.

प्रश्न : 12 बाय 14 फुटांच्या खोलीला 2 बाय 2 च्या किती लाद्या लागतील?
— एक वाचक, लातूर

उत्तर : जमिनीसाठी 42, तूटफुटीसाठी 4 आणि चार इंची स्कर्टिंगसाठी 5, म्हणजे 51. खोक्यात चार लाद्या येत असतील, तर 13 खोकी घ्यावीत. सर्व खोक्यांवरचा शेड आणि बॅच क्रमांक एकच असल्याची खात्री दुकानातच करावी, कारण नंतर आणलेल्या लादीचा रंग हमखास वेगळा निघतो.