सोडलेल्या वजनाने स्प्रिंग किती ताणली जाते?

प्रश्न : टांगलेल्या स्प्रिंगच्या टोकाला २ किलोग्रॅमचे वजन अडकवून, स्प्रिंग जराही ताणलेली नसताना ते हातातून सोडून दिले. स्प्रिंगचा स्थिरांक मीटरला २०० न्यूटन आहे. बलांचे समीकरण मांडले, तर स्प्रिंग १० सेंटीमीटर ताणली जाते. ऊर्जेचे मांडले, तर २० सेंटीमीटर. दोन्ही नियम खरे असताना उत्तरे दोन कशी?

उत्तर : आपली दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, परंतु ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. गुरुत्वीय त्वरण १० धरले, तर वजनाला खाली ओढणारे बल २० न्यूटन होते आणि १० सेंटीमीटर ताणावर स्प्रिंगचे बलही तेवढेच भरते. मात्र बलांचे हे समीकरण वजन कोठे थांबेल ते सांगत नाही. दोन्ही बले कोठे सारखी होतात, एवढेच सांगते. त्या जागी वजनाचा वेग शून्य नसतो. उलट तो सर्वाधिक असतो, कारण तोपर्यंतच्या सबंध प्रवासात गुरुत्वीय बल स्प्रिंगच्या बलापेक्षा मोठे असल्यामुळे वेग वाढतच आलेला असतो.

हिशेब करून पाहू. १० सेंटीमीटर खाली येताना वजनाची २ ज्यूल स्थितिज ऊर्जा खर्ची पडते, तर स्प्रिंगमध्ये १ ज्यूलच साठते. उरलेला १ ज्यूल गतिज ऊर्जेच्या रूपात वजनाकडे असतो, म्हणजे त्याचा वेग सेकंदाला १ मीटर असतो. ही ऊर्जा संपेपर्यंत वजन आणखी १० सेंटीमीटर खाली जाते. तेथे ते क्षणभर थांबते, पण समतोल साधून नव्हे : स्प्रिंग त्या वेळी ४० न्यूटन बलाने वर ओढत असते, म्हणून वजन लगेच उलट फिरते.

तेच वजन तळहातावर पेलून अगदी सावकाश खाली आणा. तळव्यावरचा भार हळूहळू हलका होत जातो आणि १० सेंटीमीटरवर वजन हातातून अलगद सुटून तेथेच स्थिर राहते. वाटेतला तो १ ज्यूल या वेळी हाताने काढून घेतलेला असतो. ताणकाट्याला वस्तू एकदम अडकवली की काटा खऱ्या वजनाच्या पुढे जाऊन मागे येतो, तेही याच कारणाने. भार एकदम आला की ताण दुप्पट होतो, ही गोष्ट यंत्रांची रचना करणाऱ्यांना नेहमीच लक्षात ठेवावी लागते.

वजन उंचावरून पडले, तर ताण याहून वाढतो, पण उंचीच्या प्रमाणात नाही. स्प्रिंगच्या टोकाशी एक हलके तबक आहे आणि वजन ४० सेंटीमीटरवरून त्यात पडून तेथेच राहते, असे समजा. तबकाचे वस्तुमान व आघातात वाया जाणारी ऊर्जा सोडून दिली, तर स्प्रिंग ४० सेंटीमीटर ताणली जाते. उंची तिप्पट, म्हणजे १२० सेंटीमीटर केली, तरी ताण ६० सेंटीमीटरच होतो. मात्र त्या क्षणी स्प्रिंगचे बल १२० न्यूटन, म्हणजे वजनाच्या सहापट असते.

हे सारे आकडे रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये स्पष्टपणे मांडलेल्या नियमावर, म्हणजे बल ताणाच्या प्रमाणात वाढते यावर, उभे आहेत. स्प्रिंग मर्यादेबाहेर ताणली गेली, तर ती मूळ लांबीवर परत येत नाही आणि हा हिशेबही लागू पडत नाही. म्हणून प्रयोग करताना प्रत्येक खेपेनंतर वजन काढून स्प्रिंगची लांबी पुन्हा मोजावी.