वडिलांची फियाट आणि पेटीतलं आरसी बुक

(वाचकांचे प्रश्न, उत्तर देणारे : निवृत्त मोटार विमा सर्व्हेअर)

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९७१ साली नवी कोरी फियाट घेतली होती, अकराशे डिलाईट. गेली अठरा वर्षं ती मागच्या शेडमध्ये विटांवर उभी आहे. वडील चार वर्षांपूर्वी गेले. परवा ओळखीच्या मेकॅनिकने बॅटरी लावून पाहिली तर इंजिन फिरलं! तो म्हणतो, ब्रेकचं काम केलं की महिन्याभरात रस्त्यावर आणतो. आरसी बुक आईच्या पेटीत सापडलं, पण ते वडिलांच्या नावावर आहे आणि मुदत २००६ सालीच संपलेली. विमा तर त्याही आधीच बंद पडला असावा. मला फक्त रविवारी सकाळी आईला मागच्या सीटवर बसवून एक चक्कर मारायची आहे, कधी गावी जायचं आहे. सगळे सांगतात, गाडी ‘व्हिंटेज’मध्ये टाका, नंबर प्लेटवर रुबाब येतो. मेहुणे म्हणतात, जुनं इंजिन काढा, मारुतीचं बसवा, कटकट संपेल. काय करू?
– एक वाचक

उत्तर : आधी मेहुण्यांना चहा पाजा आणि गाडीपासून लांब ठेवा. त्यांच्या सल्ल्याकडे पुढे येतोच.

तुमच्या पत्रातलं सर्वांत कामाचं वाक्य ‘आईला मागच्या सीटवर बसवून एक चक्कर’ हे आहे. लोक पत्रात गाडीचं मॉडेल लिहितात, रंग लिहितात, हॉर्न कसा वाजतो तेही लिहितात, पण गाडीचं नेमकं काय करायचं आहे ते लिहीत नाहीत. तुम्ही लिहिलंत, आणि त्यामुळेच व्हिंटेज नोंदणी तुमच्यासाठी नाही, असं मी सरळ सांगू शकतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, खासगी वापराची आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार न झालेली चारचाकी किंवा दुचाकी त्यात बसते. तुमची फियाट वयाने आरामात बसते. अर्ज फॉर्म २० मध्ये, परिवहन पोर्टलवरून. राज्याने नेमलेली समिती गाडी पाहते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतरच्या फेरनोंदणीला ५,००० रुपये, आणि प्रमाणपत्र १० वर्षांचं. ज्या गाडीला नव्याने नंबर द्यावा लागतो तिच्या प्लेटवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येतं. ज्या गाडीला आधीचा नंबर आहे तिला तो ठेवता येतो. म्हणजे तुमच्या बाबतीत तो प्लेटवरचा रुबाबही येणार नाही, वडिलांचाच नंबर राहील. (मला विचाराल तर तोच जास्त रुबाबदार.)

इथवर सगळं गोड. पुढची अट कोणी सांगत नाही. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, आणि रॅलीला किंवा प्रदर्शनाला जाणं-येणं, एवढंच चालतं. आईला घेऊन रविवारची चक्कर यातल्या कशातच बसत नाही. पेट्रोल पंपाच्या नावाखाली तिला फिरवून आणायचं असेल तर तुमची मर्जी, पण वाटेत कुणाला धक्का लागला तर विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा हेच विचारेल की गाडी तिथे कशासाठी होती.

तेव्हा तुमचा रस्ता साधा आहे. गाडी नेहमीच्याच नोंदणीत ठेवा, नूतनीकरण करा, आणि मनासारखी चालवा.

आता क्रम. हे काम कुठून सुरू करायचं हेच बहुतेकांना कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला दिवस आरटीओत नको, शेडमध्ये घालवा. बॉनेट उघडा, चेसिस नंबर जिथे ठोकलेला आहे तिथलं अठरा वर्षांचं ऑइल आणि धूळ मऊ फडक्याने, थोड्या रॉकेलने पुसा. तारेच्या ब्रशने किंवा घासकागदाने अजिबात नाही! नंबर घासला गेला की गाडी चोरीची नाही हे सिद्ध करता करता तुमचे केस पांढरे होतील. नंबर स्वच्छ दिसला की त्यावर पातळ कागद धरा आणि पेन्सिलने ठसा घ्या. इंजिन नंबरचाही तसाच. मग आरसी बुक शेजारी ठेवून अंक न् अंक जुळवा. जुन्या फियाटमध्ये ऐंशीच्या दशकात कुणीतरी प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन टाकलेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो, कारण दोन्ही इंजिनं १०८९ सीसीची, जागच्या जागी बसणारी. माझ्या नोकरीतली एक गाडी आठवते. समोरून ठोकलेली, सगळं रीतसर, पण बुकातला इंजिन नंबर एक आणि इंजिनावरचा दुसराच. मालक शपथेवर सांगत होता की इंजिन कंपनीचंच आहे. खरं सांगत होता तो, पण ती दुसऱ्या गाडीची कंपनी. त्याचा क्लेम कित्येक महिने अडकून पडला. नंबर जुळत नसेल तर आताच आरटीओला लेखी कळवा आणि नोंद दुरुस्त करून घ्या.

मेहुण्यांना द्यायचं उत्तरही इथेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि मारुतीचं इंजिन बसलं की उद्या व्हिंटेजचा दरवाजाही कायमचा बंद.

दुसरं म्हणजे गाडीचा नंबर ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर टाकून बघा. बहुधा काहीच दिसणार नाही. हाताने लिहिलेल्या जुन्या बुकांची नोंद संगणकात चढलेली नसते, ती चढवण्याला ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात. ती झाल्याशिवाय पुढचा कुठलाही अर्ज हलत नाही. मूळ बुक घेऊन आरटीओत जा. बुक कुणाच्याही हातात ‘ठेवून जा’ म्हणून देऊ नका, पोच घ्या.

तिसरं, नाव. मालक वारल्यावर वारसाने फॉर्म ३१ भरायचा असतो. सोबत मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, आणि आई व भावंडं असतील तर त्यांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायला हवं होतं. चार वर्षं झाली, तेव्हा दंड होईल. भांडू नका, भरा. बहिणीची सही मात्र आताच घ्या, गाडीला पॉलिश होण्याआधी. विटांवरच्या गाडीत कुणाचाच वाटा नसतो, चकचकीत गाडीत सगळ्यांचा असतो.

चौथं, नूतनीकरण, फॉर्म २५. इन्स्पेक्टर गाडी प्रत्यक्ष पाहतो, म्हणून ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक आधी नीट करा. एप्रिल २०२२ पासून खासगी चारचाकीच्या नूतनीकरणाला उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये जादा लागतात. हे कधीपासून मोजलंय याचा हिशेब कागदावर मागून घ्या आणि मगच पैसे भरा. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर आहेच, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते. वडिलांनी रंगवून घेतलेली जुनी काळी प्लेट काढून घरात भिंतीवर लावा.

पीयूसीचं सांगायचं तर तुमच्या गाडीच्या वयाच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत हवा. कार्ब्युरेटर स्वच्छ करून मिश्रणाचा स्क्रू नीट लावला की हे जमतं. गाडी गरम करून न्या. थंड इंजिनाची टेस्ट हटकून नापास होते.

आणि या सगळ्यात गाडी आरटीओपर्यंत जाणार कशी? चालवत नाही. टोचन करूनही नको, टेम्पोवर चढवून न्या. विम्याशिवाय सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणं कलम १४६ चा भंग आहे. पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण खरी भीती दंडाची नाही. कुणी जखमी झालं तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई तुमच्या खिशातून जाते, आणि तिला वरची मर्यादा नाही.

आता विमा, माझा आवडता विषय. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता सरकारने ठरवलेला असतो. जून २०२२ च्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये, अधिक कर. व्हिंटेज नोंदणी असलेल्या खासगी गाडीला यात निम्मी सूट, म्हणजे १,७०८. वाचतात ते एवढेच, त्यासाठी आईची चक्कर सोडू नका.

भानगड स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आहे. नव्या गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, तक्त्याप्रमाणे निघते. पाच वर्षांवरच्या आणि बंद झालेल्या मॉडेलची किंमत मालक आणि कंपनी यांनी आपसात ठरवायची असते. एजंटाला घाई असते, तो विचारतो, ‘साहेब, तीस हजार टाकू?’ आणि मालक म्हणतो, ‘टाका, हप्ता कमी येईल.’ एका गॅरेजमध्ये वायरिंग शॉर्ट होऊन जळलेली जुनी गाडी मी पाहिली होती. मालकाने क्रोम, कुशन, रंग यावर काही लाख घातले होते. पॉलिसीवर आयडीव्ही होती तीस हजार. मी कितीही हळहळलो तरी रिपोर्टात तीस हजारांच्या वर एक रुपया लिहू शकत नव्हतो.

म्हणून डेंटिंग-पेंटिंगची, क्रोमची, सीटच्या कामाची बिलं जपा. काम सुरू होण्याआधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो काढा. मूल्यांकन करणाऱ्याचा लेखी रिपोर्ट घ्या आणि ठरलेली किंमत पॉलिसीच्या शेड्यूलवर छापून आली आहे ना, ते वाचून बघा. फोनवरच्या ‘हो हो’ला किंमत नाही. १० वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर क्लेममध्ये ५० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापतात. रबर, प्लास्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरीवरही तेवढाच. मडगार्डला डेंट पडला तर अर्धा खर्च तुमचाच, हे धरून चाला. काचेवर मात्र घसारा नसतो. फियाटची पुढची काच शोधायला किती हिंडावं लागतं हे ज्याला माहीत आहे त्याला याचा आनंद कळेल.

विमा खंडित झालेला असल्याने कंपनी गाडी पाहायला माणूस पाठवेल. त्याला शेडमध्येच बोलवा. आणि नोंदणीचं नूतनीकरण होईपर्यंत, विमा हातात आला तरी, गाडी रस्त्यावर काढू नका. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या एका गाडीचा नुकसानीचा दावा नामंजूर ठरवला होता. विमा चालू होता, नोंदणी नव्हती, तेवढं पुरलं.

एक जाता जाता. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, ते दिसायला चांगले असले तरी. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं आणि तडकतं. मी पाहिलेल्या जळलेल्या गाड्यांत हे कारण बऱ्याचदा निघालं.

प्रश्न : आमच्याकडे सासऱ्यांची जुनी अँबेसिडर आहे, सर्व कागद चालू. पुतण्याच्या मित्राला लग्नाच्या वरातीसाठी हवी आहे, तो भाडं द्यायला तयार आहे. एका मालिकेच्या शूटिंगचीही चौकशी आली. द्यावी का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : प्रेमाने द्या, पैसे घेऊन देऊ नका. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो. नवरदेवाकडून भाडं घेतलंत आणि वरातीत कुणाच्या पायावरून चाक गेलं, तर कंपनी हात वर करायला मोकळी. शूटिंगवाल्यांना लेखी विचारा की त्यांच्याकडे गाडीसाठी वेगळा विमा आहे का, आणि स्वतःच्या विमा कंपनीलाही पत्राने कळवून तिचं उत्तर येईपर्यंत थांबा.

प्रश्न : कर्नाटकातली एक स्टँडर्ड हेराल्ड स्वस्तात मिळते आहे. आरसीची फक्त झेरॉक्स आहे. मूळ मालक वारले, विकणारा त्यांचा ड्रायव्हर. तो म्हणतो नंतर सगळं करून देतो.
– एक उत्साही तरुण

उत्तर : इसार देऊ नका. ड्रायव्हरला विकण्याचा हक्क कुठून आला? आधी वारसांनी गाडी आपल्या नावावर करायची, मग आरसी हरवल्याची पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ ने दुय्यम प्रत काढायची, मग फॉर्म २८ ने दुसऱ्या राज्यात नेण्याची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, घ्यायची. ही तिन्ही कामं तिकडच्या आरटीओत आणि वारसांच्याच सहीने होतात, तुमच्या नाही. वारसांचा फोन नंबर मागा. मिळाला तर मला पुन्हा लिहा, चेसिस नंबरचा फोटो सोबत पाठवा.