एच-फोर व्हिसावरच्या बहिणीला नवरा मारतो, तिने काय करावं?

प्रश्न: ताई, माझी धाकटी बहीण तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर. भर जुलैत व्हिडिओ कॉलला गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळून बसलेली, खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे मारहाणीचं बोलली. पासपोर्ट त्याच्याकडे आहे, पोलिसांना फोन केलास तर व्हिसा कॅन्सल करून परत पाठवीन म्हणतो. आई म्हणते जमवून घे. काय करू? (सांगलीची वाचक)

उत्तर: अगं, आधी तिला एवढं सांग की ९११ ला, म्हणजे तिथल्या पोलिसांना, फोन केला म्हणून तिचा व्हिसा जात नाही. गळा आवळला असेल तर हे फार गंभीर आहे, डॉक्टरला लगेच दाखवायलाच हवं, आणि ते कागद जपून ठेवायचे. पण एच-फोर त्याच्या एच-वनला बांधलेला असतो हे खरंय, घटस्फोटाची ऑर्डर निघाली की तो संपतो, म्हणून इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय नवऱ्याने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही नको म्हणावं.

बऱ्याच जणी 'वावा' या बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या अमेरिकन कायद्याचं ऐकून येतात. १९९४ च्या त्या कायद्याने बायकोला नवऱ्याशिवाय, त्याला न कळवता स्वतःच ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो, पण नवरा अमेरिकन सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असला तरच. तुझ्या बहिणीच्या नवऱ्याकडे दोन्ही नाही. तिच्यासाठी वेगळी सोय आहे, एच व्हिसावाल्याच्या छळ झालेल्या बायकोला आय-७६५-व्ही फॉर्म भरून वर्क परमिट मागता येतं, त्याने नोकरी करता येते, व्हिसा मात्र त्याने मिळत नाही. दुसरा रस्ता यू व्हिसाचा, तो गुन्ह्याचा त्रास सोसलेल्यांसाठी असतो, त्यात नवऱ्याचा व्हिसा कुठला हे बघत नाहीत, पण गुन्हा पोलिसांना कळवून तपासात मदत करावी लागते आणि तसं पोलिसांचं किंवा सरकारी वकिलाचं सर्टिफिकेट लागतं. वर्षाला १०,००० च देतात, त्यामुळे रांग कित्येक वर्षांची आहे, तरी नंबर लावून ठेवावा असंच माझं मत. यातल्या कुठल्याही अर्जाची माहिती इमिग्रेशनवाले नवऱ्याला देऊ शकत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे.

न्यू जर्सीतच 'मानवी' म्हणून संस्था आहे, १९८५ पासून आपल्याकडच्या बायकांसाठी काम करते, तिथे बोलू दे. रात्री-अपरात्री १-८००-७९९-७२३३ ही घरगुती हिंसाचारासाठीची हेल्पलाइन आहे. फोन नवरा चेक करत असेल तर हे सगळं मैत्रिणीच्या फोनवरून किंवा लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरून करायचं, घरच्या लॅपटॉपवर नाही. पासपोर्ट त्याने दिलाच नाही तर नव्यासाठी भारतीय कॉन्सुलेटमध्ये अर्ज करता येतो.

तू इथून काय करशील, तर तिने पाठवलेले मेसेज, फोटो, व्हॉइस नोट्स डिलीट करू नकोस, तारखेसकट दुसरीकडे सेव्ह कर. आणि आईला 'जमवून घे' म्हणण्यापेक्षा कपाटातलं लग्नाचं सर्टिफिकेट आणि लग्नाचे फोटो शोधायला लाव, अर्जाला ते लागणार आहेत.