छातीत धडधड, हाताला मुंग्या: पॅनिक अटॅक की हार्टचा त्रास, कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय: वय 34, राहायला सांगलीत, रात्री अचानक जाग येऊन छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, आता संपलंच असं वाटतं. एकदा काढलेला ईसीजी नॉर्मल आला. पुन्हा झालं तर घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा?

असा त्रास पहिल्यांदा होतो तेव्हा तो पॅनिकच, म्हणजे अचानक येणारा तीव्र भीतीचा झटकाच, आहे हे घरी ठरवायचं नाही, ते तपासणीनंतरच म्हणायचं. तुमची लक्षणं मात्र पॅनिककडे बरीच झुकतात, विशेषतः मुंग्या. घाबरल्यावर माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि मोकळं कॅल्शियमही कमी होतं. म्हणून ओठांभोवती आणि दोन्ही हातांच्या बोटांत मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात, डोकं हलकं होतं. हार्टच्या दुखण्यात सहसा असं होत नाही. तिथे छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखं वाटतं, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत सरकतं, अनेकदा सोबत थंड घाम आणि मळमळ असते.

दुसरी खूण वेळेची. पॅनिक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात बराच उतरतो. हार्ट अटॅकचं दुखणं असं आपोआप निवळेलच याचा भरवसा नसतो. तिसरी खूण श्रमाची. जिना चढताना, भरभर चालताना छातीत दाटतं आणि थांबल्यावर पाच मिनिटांत जातं, असं असेल तर तो अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारा त्रास, असू शकतो. वय कमी आहे म्हणून हे सोडून देऊ नका. दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येत असेल, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर दुखत असेल, तर बहुधा ते स्नायूचं किंवा बरगडीचं असतं. पण एवढ्यावर हार्ट निकालात काढू नका. मधुमेही, वयस्कर माणसं आणि बायका यांच्यात छाती न दुखता नुसती धाप, अशक्तपणा किंवा पोटात जळजळ एवढंच दिसू शकतं. ‘गॅस झालाय’ म्हणत सोडा पाजत बसण्यात इथेच वेळ जातो.

त्रास उतरल्यावर काढलेला ईसीजी नॉर्मल येणं साहजिक आहे. हार्ट अटॅकमध्येसुद्धा पहिला ईसीजी कधी कधी साफ असतो, म्हणून काही तासांच्या अंतराने ट्रोपोनिन ही हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी पुन्हा करतात. तुम्ही टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, थायरॉइड वाढलेला असेल किंवा रक्त कमी असेल तरी अशीच धडधड होते. ठोके बटण दाबल्यासारखे एकदम 150च्या वर जाऊन तसेच एकदम थांबत असतील तर डॉक्टरांना होल्टरबद्दल, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणाऱ्या यंत्राबद्दल, विचारा. घोरणं असेल, किंवा आडवं पडल्यावर दम लागून उठून बसल्यावर बरं वाटत असेल, तर तेही सांगा.

आता दवाखान्याचं. दाब किंवा दुखणं दहा-पंधरा मिनिटांत कमी होत नसेल, किंवा त्याआधीच चक्कर येऊन पडणं, घाम, हात-जबड्यात कळ असं काही असेल, तर थेट 108. स्वतः गाडी चालवू नका. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून घेतात. शेजाऱ्याची जिभेखाली ठेवायची हार्टची गोळी घेऊ नका, तिने बीपी एकदम खाली येऊ शकतं. जत-आटपाडीकडे तुमचे आई-वडील किंवा पाहुणे असतील तर त्यांना सांगून ठेवा: मिरजेच्या मोठ्या दवाखान्यासाठी दीड-दोन तास काढण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढायचा. हार्ट अटॅक असेल तर हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर मिळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो.

सगळं तपासून पॅनिक निघाला, तर अटॅकच्या वेळी नाकाने चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं करा. पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय नको. खरंच हार्ट किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर त्यात ऑक्सिजन आणखी कमी होतो. झोपेची गोळी मेडिकलमधून स्वतःहून आणू नका, सवय लागते. मानसोपचारतज्ज्ञ देतात त्या रोजच्या औषधाचा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात आणि पहिल्या आठवड्यात बेचैनी थोडी वाढू शकते. तेव्हा मनाने बंद न करता डॉक्टरांना फोन करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं.